उरलेल्याचं काय करायचं

मृण्मयी, तुझ्या वाघोडिया रोडच्या खोलीत
एकच शेगडी आहे म्हणतेस, आणि फ्रिज अर्धा मैत्रिणीचा.
पुष्कळ झालं.

रात्रीचा भात गरम गरम झाकून ठेवू नकोस.
ताटात पसर, निवू दे, लगेच डब्यात घालून फ्रिजमध्ये.
सकाळी आधी नाक लाव.
नाक खोटं बोलत नाही. "चालेल, चालेल" म्हणतो तो आळस.

मोकळा असेल तर सरळ फोडणी.
गिचका झाला असेल तर मुठिया:
मूठभर बेसन, मूठभर कणीक, दही, आलं-मिरची,
मेथी असली तर मेथी,
नसली तर कोबीचा तो वरचा पाला
जो तू फेकणार होतीस.
वळकट्या करून वाफव. आणि थांब.
गरम कापलंस तर चुरा होतो,
आपल्या घराण्यात सगळ्यांचा झालेला आहे.
मग तेल जरा सढळ, मोहरी, तीळ,
कडा लाल होईपर्यंत परत.

मुठिया मला वरच्या रमीलाबेननी शिकवल्या.
मी त्यांना शिळ्या पोळीचा कुस्करा दिला,
ताकाचा हबका मारून, कढीपत्ता घालून,
तर म्हणाल्या, "आ तो वघारेली रोटली!"
वरणफळं नेली, तर दाळढोकळी,
आणि वर, गूळ विसरलात.
एकवीस वर्षं झाली कारेलीबागेत,
एकमेकींना आपापलेच पदार्थ
नव्यानं वाढतोय.

पुण्याची मामी आली की माझं बोलणं ऐकून हसते,
म्हणते, फार भेसळ ग तुमच्या मराठीत.
मी तिला कालची आमटी वाढते.
दोनदा मागून घेते.

आमटी खारट झाली तर कणकेचा गोळा सोड, असं सगळे सांगतात.
मी सोडून पाहिला.
आमटी खारट, गोळाही खारट.
त्यापेक्षा पाणी घाल, चिंच घाल, थोडी डाळ आणखी शिजव,
आणि जास्तीच्या आमटीत दुसऱ्या दिवशी
थालीपिठाचं पीठ भिजव.
तेव्हा मात्र मीठ घालू नकोस.

विश्वामित्री सोसायटीत शिरली तेव्हा तू दुसरीत होतीस,
नाशकात होतीस.
माझ्या ओट्याच्या खाली पाणी, गॅस बंद,
मी डबे डोक्यावर घेऊन वर गेले.
कोपऱ्यावरच्या डेअरीपाशी मगर दिसली म्हणे,
म्हणून भाजीला कुणी उतरेना.
दोन्ही घरांचं उरलेलं आम्ही पलंगावर मांडलं:
सात पोळ्या, अर्धा डबा कणी, एक वांगं,
लोणच्याचा नुसता खार,
आणि माझी ती आमटी.

नटूभाई माझ्याशी दोन वर्षं बोलत नव्हते,
माझ्या खिडकीखाली त्यांची स्कूटर लावतात त्यावरून.
पहिल्या रात्री मेणबत्तीत थालीपीठ तोडलं,
चावलं, बराच वेळ चावलं,
आणि म्हणाले, "मीठुं ओछुं छे."
मी खाराची वाटी पुढे सरकवली.
तीन दिवस तेवढंच आमचं संभाषण,
रोज एकदा, वाटीसकट.
पाणी ओसरलं. स्कूटर अजून तिथंच आहे,
पण दिवाळीला वरून मठिया येतात,
आणि डबा माझ्या नावाचा असतो.

तर खार फेकू नकोस. कणकेत घाल, थेपले होतात.
मिरच्यांचे देठ काढून ठेव, टिकतात.
कोथिंबीर धुऊन ठेवू नकोस, कागदात गुंडाळ,
धुवायची ती चिरताना.
पोळ्या मोजून करतेस म्हणालीस फोनवर,
दोन सकाळी, दोन रात्री.
एखादी जास्त लाटत जा.
कुणी येतं.

रविवारी येशील तेव्हा माझा स्टीलचा डबा आण.
रिकामा आणू नकोस.
काहीही चालेल,
मुठियांचा चुरासुद्धा.