पूर्वानुभव : दोनशे अक्षरांत

रात्री पावणेदोन.
सहा नंबरच्या सलाइनमध्ये अजून तीन बोटं पाणी आहे,
म्हणजे मला वीसेक मिनिटं मिळतील.
मोबाइल ड्रेसिंगच्या ट्रॉलीला टेकवून उभा करते,
एका कानात वायर,
दुसरा कान वॉर्डात.

मागच्या धड्यात सर नाडी शिकवत होते.
तीन बोटं ठेवा, अंगठा नको,
अंगठ्याला स्वतःची नाडी असते.
मी वहीत लिहून घेतलं, परीक्षेला येईल म्हणून.
हेच सिस्टर एस्पेरांसनं मला
हातावर फटका मारून शिकवलं होतं,
तेव्हा समोर एक म्हातारा होता आणि त्याची नाडी
सापडत नव्हती.

अर्ज भरतानाच अडले होते.
पूर्वानुभव. पुढे एक चौकट,
चौकटीत दोनशे अक्षरं.
आधी लिहिलं, आरोग्य केंद्र, केपे, एकोणीस वर्षं.
ते फारच थोडं दिसलं.
मग लिहिलं, तिळामळला खनिजाच्या ट्रकांमागे
अडकलेल्या ॲम्ब्युलन्समध्ये, भर दुपारी,
जुळ्यांतलं दुसरं माझ्या ओच्यात जन्मलं, ड्रायव्हर
पाठ फिरवून रडत होता.
मर्यादा ओलांडली, असं लाल अक्षरांत आलं.
ड्रायव्हर खोडला. ट्रक खोडले. दुपार खोडली.
जुळ्यांतलं एक खोडायची पाळी आली
तेव्हा सगळंच पुसलं
आणि लिहिलं, 'प्रसूती : अनेक'.

जुन्या मार्कशीटवर शेवंती गावकर,
आधारवर शेवंती वेळीप.
दोघींपैकी शिकणार कोण, ते स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं.

क्रेडिटचं विचारायला फोन केला.
पलीकडची मुलगी गोड बोलायची.
मॅडम, डिप्लोमाचे तास धरतात,
नोकरीचे धरत नाहीत.
बरं, म्हटलं.
काजूच्या भट्टीवर भाजलेला बोस्त्यांव
चौदा रात्री पाठ टेकू शकला नाही.
मी त्याला बसता धरून ठेवायची आणि तो मला
हुर्राक कधी उतरवायचा,
फेणीसाठी किती थांबायचं, ते सांगायचा.
हे कुठल्या पेपरात बसतं,
ते मी तिला विचारलं नाही.

आमची इन्चार्ज चोवीस वर्षांची, बीएस्सी.
शीर सापडली नाही की डोळ्यांनीच मला बोलावते.
मी जाते, सापडते.
पगारातला फरक तिलाही ठाऊक आहे,
म्हणून दर बुधवारी मडगावहून
माझ्यासाठी बांगडे आणते, पैसे घेत नाही.
तिच्यावर राग धरणं जमत नाही. बांगडे ताजे असतात.

आजचा धडा वेगळा निघाला.
पडद्यावर पोटुशी बाई, आडवी कापून दाखवलेली,
मणक्याच्या उजव्या अंगाला एक जाड निळी शीर.
सर म्हणाले, उताणं झोपलं
की बाळाचा भार हिच्यावर येतो,
रक्त हृदयाकडे परतत नाही,
म्हणून डावी कूस.
मी धडा थांबवला. मागे नेला. परत ऐकला.

डाव्या कुशीवर निजव, एस्पेरांस सांगायची.
का, असं विचारायची सोय नव्हती,
आणि तिलाही कुणी सांगितलं नसावं.
एकोणीस वर्षं मी बायकांना वळवत आले
आणि दर वेळी
माझ्या हातांखाली ही निळी शीर
मोकळी होत होती, मला न कळवता.

तिला फोन करावासा वाटला.
ती आता लोटलीच्या आश्रमात असते,
माणसं ओळखत नाही,
मनगट पुढे केलं तर मात्र
तीन बोटं बरोबर ठेवते.

सलाइन संपत आलंय.
सर तोंड अर्धवट उघडून थांबलेत.
चार नंबरची, आठवा महिना,
झोपेत उताणी झालीय.
उठवत नाही तिला.
एक हात खांद्याखाली घालते,
दुसरा कमरेखाली.