सूचना, पुन्हा लिहिलेली

हर्णैच्या वाचनालयात बावीस वर्षं मी सूचना लिहितोय.
पुस्तकं वेळेत परत करा. चपला बाहेर.
यंदा पहिल्यांदाच मोबाइलवर केली, रंगीत:
निळं पाणी, त्यावर पिवळी अक्षरं, कोपऱ्यात किल्ला,
आणि हौसेनं पाठवली सगळ्यांत आधी
जुबेदा होडेकरला, कारण वर्ग तीच घेणार.

तिचा निरोप आला, आवाजातला, मागे गाज:
"काका, फोटो आला.
फोटोत काय आहे ते मात्र फोटोला माहीत नाही."

दोनदा ऐकला.
मग चष्मा पुसला, कशासाठी कोण जाणे.

जुबेदा चार वर्षांची असल्यापासून लिलावात बसायची,
बापाच्या टोपलीला टेकून.
दिसत तेव्हाही नव्हतं,
पण सुरमईचा भाव कुठे अडला,
कुठल्या व्यापाऱ्यानं नुसतं खाकरून शंभर वाढवले,
घरी जाऊन आईला सांगायची.
आता तिचा फोन त्याच वेगानं बोलतो.
दापोलीचे मास्तर म्हणतात, काही कळत नाही बुवा.
ती हसते: "लिलाव ऐकलाय का कधी?"

मला एकदा ऐकवला तिनं, सावकाश करून.
बँकेचं ॲप होतं.
बटण. बटण. बटण.
नाव नसलेलं बटण.
आळीत एकेक दार वाजवत जावं
आणि आतून प्रत्येकानं नुसतं "दार" म्हणावं, तसं.

तर सूचना पुन्हा, ऐकू येईल अशी:

येत्या शनिवारी, सकाळचा लिलाव आटोपला की,
साधारण साडेदहाला,
वाचनालयाच्या खालच्या खोलीत.
वरची मोठी आहे, पंखे आहेत,
पण जांभ्याच्या चौदा पायऱ्या आहेत,
आणि बावीस वर्षांत मी त्या मोजल्या नव्हत्या.
परवा मोजल्या, सुलभाताई भाटकरांनी विचारलं म्हणून.
खाली दोनच. तिथे होडीची जुनी फळी टाकलीय, फणसाची,
घसरू नये म्हणून वर जाळ्याचा तुकडा ठोकलाय.
चाकांची खुर्ची चढते. चढवून बघितली, रिकामी नव्हे,
ताई बसलेल्या असताना.
त्या म्हणाल्या, उतार जास्त आहे.
दुसरी फळी आणली, लांब.

काय शिकायचं:
फोटोखाली दोन ओळी कशा लिहाव्यात.
बटणाला नाव कसं द्यावं.
फॉर्म अर्ध्यावर "वेळ संपली" म्हणतो, तेव्हा
कुणाकडे, कुठल्या शब्दांत भांडावं.

हेरंब चोगलेला ऐकू येत नाही.
बोटींची इंजिनं तो तळहात टेकवून दुरुस्त करतो.
त्यानं खडूनं फरशीवर लिहिलं: माझ्यासाठी कोण?
रत्नागिरीहून खुणांची भाषा येणाऱ्या बाई येतायत, पहिल्या एसटीनं.
एसटी चुकली तर मी पाटीवर लिहीत राहीन.
ते पुरेसं नाही, हेही सूचनेत लिहा,
असं जुबेदा म्हणाली. लिहिलं.

पुढच्या महिन्यात दुसरा वर्ग, पुस्तकं बोलती करण्याचा.
वाचणारे आवाज हवेत. तंबाखू थुंकून यावं.
चहा आहे. वीज जाईल असं धरून चालू.
नाव नोंदवायला फॉर्म नाही.
फोन करा, निरोप पाठवा, नाहीतर सरळ या.

रात्री पाठवली.
चित्र ठेवलंच, हट्टानं, पण खाली लिहिलं:
संध्याकाळचा समुद्र. किल्ला. ओहोटी लागलेली.
लिहिण्यासाठी म्हणून पहिल्यांदा नीट बघितलं
तर किल्ल्याच्या अलीकडे एक होडी,
एवढीशी, चित्र निवडताना मला न दिसलेली.
तीही लिहिली.

लगेच जुबेदाचा निरोप:
"होडी कुणाची, काका?"

मी चित्र मोठं केलं. आणखी मोठं.
नाळेवर काहीतरी रंगवलेलं होतं,
मला वाचता येईना.