बॉडी

मागच्या वर्षी डॉक्टरांनी माझ्या उजव्या डोळ्यातली
लेन्स बदलली, बॉडी तीच ठेवली.
यंदा कॅमेऱ्याचं उलटं करायचं आहे.

लेन्स राहील. दीडशे ते सहाशे,
हुडला चिकटपट्टी, फोकसच्या रिंगमध्ये
नांदूर मध्यमेश्वरची बारीक माती.
बॉडी मात्र थकली.
एक लाख चौऱ्याऐंशी हजार वेळा उघडझाप केलेला पडदा
आता मधेच अडकतो,
आणि दलदली भोवत्या
अर्धा काळा, अर्धा पिवळा उमटतो,
बाद केलेल्या नोटेसारखा.

नोटांचं मला कळतं.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
शाई सरकलेली, नंबर तिरका, धागा चुकलेला
असा कागद बाजूला काढत आले.
घरी भाताचं शीतसुद्धा उजेडात धरून बघायचे
असं सून सांगते.
खोटं आहे. एकदाच धरलं होतं.

सून हेही म्हणते, आई, फोनमध्ये शंभर पट झूम आहे.
तिच्या फोनातला धीवर मी पाहिला.
बादलीत निळीची पुरचुंडी सुटावी तसा.

मेन रोडला लुंकडांच्या दुकानात
काचेखाली तीन बॉड्या.
पहिली फुल फ्रेम, अंधारातही बघते म्हणे,
पण तिच्यात भोवत्या लांबच राहतो,
आहे तेवढाच लांब.
दुसरी सेकंदाला चाळीस फोटो काढते.
चाळीस! लुंकड, जन्मभर एकसारखे कागद तपासलेल्या बाईला
चाळीस एकसारखे भोवत्ये देऊ नका,
झोपणार नाही मी.
तिसरी वापरलेली. सेन्सर लहान, लांबचं जवळ.
"गायधनी सरांची. हाताला कंप सुटला त्यांच्या.
अकरा हजारच क्लिक, मॅडम. रोज पुसायचे."

दारात उभं राहून समोरच्या वायरीवरच्या पारव्यावर धरली.
एक चिमुकला चौकोन
टुणकन त्याच्या डोळ्यावर जाऊन बसला.
मी शोधायच्या आत.
बटण दाबलं. काहीच झालं नाही.
"झालं मॅडम. हिला आवाजच नाही."

गेल्या जानेवारीत चापडगावच्या मनोऱ्याखाली
जुनीनं खटाक केलं, तेव्हा
बाभळीवरच्या भोवत्यानं मान वळवून
सरळ माझ्याकडे बघितलं होतं.
"ताई, तुमचं मशीन शिंकलं," गंगा आढाव म्हणाला.
आमच्या भिंतीवर तो एकच फोटो आहे.

लुंकडांना हे काय सांगणार?
ब्याण्णव हजार मोजले.
घेताना सगळेच बघतात, मी देतानाही
प्रत्येक नोट उजेडाकडे धरली.
मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळली.

रविवारी धुकं होतं. गंगानं होडी वेताला टेकवली.
थापट्ये, तलवार बदकं, शेकाट्ये,
पाण्यावर नुसता बाजार.
मी तासभर टिपत होते
आणि कुणीही मान वळवली नाही.
गंगानंसुद्धा विचारलं,
"ताई, काढताय ना?"

घरी मोठ्या पडद्यावर लावले.
डोळे सगळे लख्ख. एकही बाद नाही.
आणि प्रत्येक फोटोखाली, माहितीच्या रकान्यात,
बारीक अक्षरांत, छायाचित्र: य. ल. गायधनी.
मेनूत तिसऱ्या पानावर ते पुसता येतं.
दोन बटणं.
चुकीच्या छपाईचा माल
मी कधी पुढे जाऊ दिला नव्हता.

त्यातला एक, भोवत्या पाण्यावरून उठताना,
लुंकडांकडून नंबर घेऊन
ज्याच्या नावाचा होता त्याला पाठवला.

रात्री साडेनऊला उत्तर आलं,
एक काना जास्त, दोन वेलांट्या गायब:
डोळा छाान. पंखाच टोकं हललित.
शटर दोन हजारच्या वर ठेवा.