मायच्या बाजूनं

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढं सरकवला.
सोनोग्राफी ठीक आहे म्हणाल्या,
तरी हे भरून आणा, जेवढं ठाऊक असेल तेवढं.
पाळी कधी आली, कधी गेली,
मुलं किती, अंगावर किती दिवस पाजली.
आणि तळाशी एक आखूड रेघ:
आईच्या बाजूला कुणाला
स्तनाचा, बीजकोशाचा…

बापाच्या बाजूचं मला तोंडपाठ आहे.
दर तीन वर्षांनी भाट येतो, लाल फडक्यातली वही सोडतो,
सात पिढ्या धडाधडा वाचतो,
पायलीभर गहू घेऊन जातो.
त्या वहीत एकही बाई पोटाच्या दुखण्यानं मेली नाही.
त्या वहीत बाईच नाही.

म्हणून दारव्ह्याहून दुपारच्या गाडीनं
मावशीकडं आले.
ती ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होती.
"काय वं इंदू, अशी मधातच?"

कागद ऐकला, हसली.
"पाळी गेल्याचं कोन लिहून ठेवते बापा?
नाही आली तं नाही आली. निंदन थोडंच थांबते!"

मग शेंग सोलता सोलता एकेक बाई काढत गेली.

"तुया मायले तं गॅस होता.
शिशीवर शिशी देल्ली डाक्टरनं,
पोट आपलं डफावानी.

पंचफुलाबाई, आमची मोठी.
त्रेपन्नाची असन, अन् पोट दिसाले लागलं.
नळावर बाया म्हनत, या वयात काय वं हे?
एकीनं तं गमतीत ओटीच भरली.
ती बी हसली. नारळ घरी आनला.
पोळ्याले गेली.

आमच्या मायची बहीन, सुपारीएवढी गाठ छातीत.
तीन वर्सं पदराखाली.
कोनाले दाखवन?

अन् गिरजा. तिले लेकरू नोहतं.
ती कशानं गेली
हे कोनी इचारलंच नाही."

मी लिहीत होते. रेघ संपली, समासात चढले,
समास संपला, कागद उलटा केला.

बाईंनी सांगितलं होतं:
मूल न होणं हाही एक आकडा धरतात.
दोष नाही, आकडा.
एवढं एक वाक्य
गिरजामावशीच्या उंबऱ्यावर ठेवून यावंसं वाटलं,
पण तिचं घर पडून तिथं आता पाण्याची टाकी आहे.

कधी कधी रक्तातून उतरतं, असंही म्हणाल्या होत्या.
आहे म्हणून होईलच असं नाही,
नाही म्हणून सुटलात असंही नाही.
मावशी हसते तेव्हा डाव्या गालाला खळी पडते.
मायला पडायची. मला पडते.
माझ्या पोरीला पडते, आणि ती बारा वर्षांची आहे.

रात्री भाकर, अंबाडीची भाजी.
मावशीनं चतकोर मोडला, दोन घास खाल्ले,
उरलेली टोपलीत सरकवली.
"काऊन वं?"
"गच्च होते लगेच. गॅस असन."
"कधीपासून?"
"दिवाळीपासून. पाहा ना गंमत,
हात वाळून चालले,
अन् परकराची नाडी पुरत नाही."

चूल विझत आली होती.
मी तिच्या पोटाकडं पाहिलं नाही.
कागदाची घडी केली, उघडली, परत केली.
नारळाचं तिनंच सांगितलं होतं दुपारी,
आणि आता तीच म्हणत होती, गॅस असन.

सकाळच्या पहिल्या गाडीत कंडक्टर म्हणाला, कुठं?
यवतमाळ. मोठा दवाखाना.
किती?
दोन. दोन्ही अर्धी.

मावशी खिडकीशी बसली, कुरकुरत.
"फुकटचा दिस मोडला तू माया."
पिशवीतून तुरीच्या शेंगा काढल्या
आणि सोलायला लागली.
दाणे तिच्या ओट्यात,
टरफलं माझ्या.