शून्य, दोन सेंटिमीटरच्या आत

काचेच्या तळाची नळी डोळ्याला लावून
दिवसभर पाण्यात पाहते मी,
कुणाशीही वैर नसताना.
पाणी नऊ अंश. कमरेपर्यंत रबर, रबराच्या आत
दोन लोकरी मोजे, त्यातला एक भोक पडलेला.

नदी कोऱ्या चहाच्या रंगाची, दलदलीतून आलेली.
तळाशी राक्कू उभे. काळे शिंपले,
अर्धे वाळूत, प्रवाहाकडे तोंड करून,
ओठ जेमतेम उघडे.
एक, दोन, एकोणीस. मी ओरडते,
काठावर ताउनो केरॅनेन वहीत रेघा ओढतो.
पाचवी आडवी.
वय ब्याऐंशी. होडी त्याची, ट्रॅक्टर त्याचा,
पावाचा डबासुद्धा त्याचाच.

अठ्ठ्याऐंशी नंबर मेलेला निघाला.
रात्री भिंगाखाली त्याच्या बिजागरीपाशी रेघा मोजल्या:
एकशे त्रेचाळीस हिवाळे.
माझा करार चोवीस महिन्यांचा,
एकोणीस संपले.
आधी ल्याँ, त्याआधी तार्तू. दर खेपेला
त्याच तीन खोक्यांवर नवा पत्ता.
आई फोनवर विचारते, लेलो, अजून शिकतेयस का?
नाही आई, शिकून झालं.
मग नोकरी?
नोकरीच म्हणायची. पुढच्या हिवाळ्यापर्यंत.

राक्कूचं पोर धुळीच्या कणाएवढं.
ट्राउटच्या कल्ल्याला चिकटून हिवाळा काढतं,
जूनमध्ये सुटतं, पडेल तिथे
खडीच्या फटीत पाच-सहा वर्षं अंधारात वाढतं.
फटीत पाणी खेळतं असलं, तर.
माझ्या तक्त्यात त्यांचा रकाना वेगळा:
दोन सेंटिमीटरच्या आत.
चारशे बारा म्हातारे, आणि त्या रकान्यात शून्य.
दर उन्हाळ्यात लाखो पिल्लं सोडतात हे,
आणि पन्नास वर्षं नदीची कूस उजवलेली नाही.

दुपारी कॉफी. ताउनो बोलला,
कबुली द्यावी तसं नाही, हवामान सांगावं तसं:
अडुसष्टपासून तीन उन्हाळे
खोदयंत्र मीच चालवलं इथे.
दलदल सुकवायची, पाइन वाढवायचे. मीटरमागे पैसे.
त्यात सौना बांधला, हेल्मीचे दात करून घेतले.
चर सरळ नदीत सोडले.
पहिल्या वसंतात पाणी दूध घातलेल्या कॉफीसारखं आलं,
आम्ही म्हटलं, बसेल खाली.
बसलं.

गाळाची मापं माझ्याकडे होतीच.
कप विसळताना मी फक्त विचारलं,
किती मीटर?
त्याला आकडा पाठ होता.

मंगळवारी चाळणीत काहीतरी चमकलं.
चार मिलिमीटर. दोन झडपा. पिवळट.
ताउनो टोपी काढून गुडघ्यांवर बसला.
मी धावले, खरंच धावले, त्या रबरी विजारीत,
शेडमधल्या सूक्ष्मदर्शकाकडे.
बिजागरीचे दात पाहिले. दोनदा.
तिसऱ्यांदा दुसऱ्या दिव्याखाली.
वाटाणा-शिंपली. कुठल्याही डबक्यात मिळते.
शून्य पुसायला काढलेलं खोडरबर
परत खिशात.
बाहेर येऊन सांगितलं तर म्हणाला,
पण जिवंत आहे ना? मग सोड तिला तिच्या जागी.

प्राध्यापकांचा निरोप आहे, मुदतवाढीचं मार्चमध्ये कळेल.
आज ताउनो आला नाही.
वरच्या अंगाला लाकडावर घण पडतोय,
थांबतो, बराच वेळ थांबतो, पुन्हा पडतो.
पाइनचे ओंडके ठोकून
आपलाच चर बुजवतोय तो,
यावेळी मीटरमागे कुणी काही देत नाही.
हे कुठल्या रकान्यात भरायचं, मला ठाऊक नाही.

वही आज मलाच धरायची.
एका हातात नळी, दुसऱ्यात पेन्सिल.
चार उभ्या झाल्या.
पाचवी ओढताना कागद ओला झाला होता,
रेघ उमटली, पण फिकट.