सात मोजून

प्रणोदक : असा शब्द नववीच्या पुस्तकात.
पोरं अडखळतात त्याच्यावर,
कुणी प्रमोदक म्हणतं, वर्ग हसतो.
मी फळ्यावर लिहिते : जे स्वतः मागे जातं
आणि दुसऱ्याला पुढे घालवतं.
मग खडू हातात तसाच राहतो.

पिळगावच्या मांगरात बाबा त्याला नुसतं दारू म्हणायचे.
गावाला दारू म्हणजे काजूची,
आमच्याकडे शोरा, गंधक, रुईचा कोळसा.
हुर्राकाच्या दिवसांत परगावचे पाहुणे चुकायचे,
"न्हानू, दारू आसा?" विचारत यायचे
आणि बाबा गंभीर चेहऱ्याने
त्यांच्यापुढे भुईनळा ठेवायचे.

कोळसा इतका बारीक व्हायला हवा
की बोटावर घेऊन फुंकला तर परत येऊ नये.
तो परत येत होता. आत.
हे आम्हाला तीस वर्षांनी
डॉक्टरने उजेडासमोर फिल्म धरून दाखवलं.

जत्रेला बाण, फेस्ताला बाण.
चिव्याची काठी, सुतळी, बुडाला मातीचा बोळा,
बोळ्याला भोक केवढं
ते फक्त त्यांच्या करंगळीच्या नखाला ठाऊक.
"मोठं पडलं तर फुसका, लहान पडलं तर हात जातो."
वात पेटवली की सात मोजत मागे सरायचं.
मी सातापर्यंत कधी पोचलेच नाही,
तिनालाच पळायचे.

बाण वर जायचा, लोक वर बघायचे.
बाबा मात्र मातीकडे बघत,
जिथे जाळ आपटून
वाटीएवढा काळा ठसा उठलेला असायचा.
ठसा गोल असला की मान हलवायचे.
काठ्या सकाळी शेतात सापडत,
आई त्यांच्यावर वालीचे वेल चढवायची.

आता डिचोलीच्या फार्मसीतून कायतान
न विचारता निळा पंप काढून देतो.
रात्री दीडला तो हलवताना
मला ठाऊक असतं आत काय आहे :
औषध चिमूटभरसुद्धा नाही,
बाकी सगळं ढकलणारं.
दाबातून सुटलं की उकळतं, उकळता उकळता गार पडतं,
औषधाला छातीच्या दारात सोडतं
आणि पुढच्या उच्छ्वासात बाहेर.
पावतीवर त्याचं नाव नसतं.

डब्यावर लिहिलंय :
टोचू नये, जाळू नये, उन्हात ठेवू नये.
बाबा चष्मा लावून वाचतात,
हसतात, हसता हसता ढास लागते.
"बाय, हे मला सांगतायत!"

औषध आत गेलं की दहा मोजेपर्यंत
श्वास धरून ठेवायचा, असं डॉक्टरचं म्हणणं.
ते धरतात. मी मोजते.
बाहेर कुठल्याशा लग्नाचे विकतचे बाण फुटत असतात,
ते तिकडे कान देत नाहीत.
चार. पाच. सहा.
साताला त्यांचा उजवा पाय,
अंथरुणातल्या अंथरुणात,
जरासा मागे सरतो.