हद्द कायम

पहाटे साडेचारला गोडोलीच्या नाक्यावरून
पाठीवर बारा किलो ज्वारी घेऊन निघायचे
तेव्हा दूधवाला विचारायचा,
"ताई, गिरणी एवढ्या लवकर उघडते?"
"हो. अजिंक्यताऱ्यावर."

आठ महिने ती ज्वारी गड चढली, गड उतरली.
शेवटी तिच्यात टोके झाले.
मग वाळू भरली.

नोकरी मोजणी खात्यात.
दिवसभर दुसऱ्यांच्या बांधावर उभी:
इथून तुमचं, इथून त्यांचं.
खुणेचा दगड कुणी हलवला असेल
तर लांबूनच कळतं, गवत खोटं दिसतं.
चार बोटं जमिनीवरून
सख्ख्या भावांनी काढलेल्या कुऱ्हाडी पाहिल्यात.
म्हणूनही असेल,
जिथं कुणाचाच सातबारा नाही
तिथं एकदा उभं राहावंसं वाटलं.

कोटोपाक्सी.
ऑफिसात कुणाला धड म्हणता येईना.
शिरस्तेदार म्हणाले, "पाक्षिक आहे का काय?
वर्गणी किती?"
वर्गणी पीएफमधून काढली.

रात्री बाराला दोर बांधला.
पुढे सेगुंदो, वाटाड्या.
मध्ये तासगावचे बेडकिहाळ, दातांचे डॉक्टर.
मागे मी.
पायाखाली बर्फ, बर्फाखाली राख,
राखेखाली तो, जागा.
वरून गंधकाचा वास यायचा,
लवंगी माळ संपल्यावर अंगणात उरतो तसा.

सेगुंदोला मराठी नाही, मला स्पॅनिश नाही.
एक हिसका म्हणजे चल. दोन म्हणजे थांब.
कासऱ्यावर बैलाला जेवढं कळतं
तेवढ्यावर आम्ही रात्रभर चाललो.

पाच हजार सहाशे ऐंशीवर
डॉक्टरांनी हातमोजे काढले,
नीट जोडून बर्फावर ठेवले
आणि मला म्हणाले,
"पुढच्या पेशंटला आत पाठवा."

हसू आलं. खरं सांगते, आधी हसूच आलं.
सेगुंदो हसला नाही.
लेकराच्या हातात घालावेत तसे
त्याने ते मोजे त्यांच्या हातात घातले,
बर्फात कुऱ्हाड रोवली
आणि खाली बोट केलं.

शिखर दिसत होतं.
दोनशे सतरा मीटर.
अंदाजाने नाही सांगत.
मी ओरडले, मराठीतच,
"मी एकटी जाते! सोडा मला!"
तो काही बोलला नाही.
माझ्या कमरेच्या गाठीवर हात ठेवून
नुसता उभा राहिला.
त्या हाताखालून गाठ सोडवायची
माझी छाती झाली नाही.

उतरताना रडले, ते चष्म्याच्या आत गोठलं.
एक काळा खडा खिशात टाकला,
निदान एवढा तरी.
सेगुंदोने तो काढून घेतला
आणि उचलला होता तिथेच,
त्याच कुशीवर, परत ठेवला.
त्या क्षणी मला तो
आमच्याच खात्यातला वाटला.

डॉक्टर खालच्या निवाऱ्यात
सूप पिता पिता म्हणाले, "पोचलो ना आपण?"

अजूनही पहाटे गडावर जाते. रिकामी.
वाटेतल्या कातळाला बारीक भोकं आहेत,
वाफ निघून गेली त्यांतून, कधीची.
हाही वाहत होता. मग कुठंतरी थांबला.
त्याला कुणी विचारत नाही, किती मीटर राहिले.

डॉक्टरांचा महिन्याला फोन येतो.
दाढेचं विचारतात.
एकदाच म्हणाले, "वर मी काय बोललो होतो?"
"काही नाही. थंडी आहे म्हणालात."

काल कोरेगावला हद्द कायम मोजणी होती.
निवृत्त हेडमास्तर, दगड वीतभर पलीकडे घ्या म्हणून
आधी गोडीत, मग नियम सांगत, मग मोठ्याने.
मी वाद घातला नाही.
दगडावर हात ठेवला
आणि उभी राहिले.
दगड तापला होता.